माजी स्काउटांच्या सन्मानाचा इतिहास लिहिताना

सोलापुरातल्या एखाद्या शाळेच्या स्काउट पथकाचा मेळावा ठरला, की स्मरणिकेत ‘आमचे मानकरी’ हे पान येतंच. सर्वाधिक चुकाही याच पानावर होतात, कारण मुलपणी मिळवलेली श्रेणी आणि मोठेपणी मिळालेला सन्मान यांची सरमिसळ होते.

अमेरिकेतला ‘डिस्टिंग्विश्ड ईगल स्काउट अवॉर्ड’ पाहा. ईगल ही तिथली सर्वोच्च श्रेणी, पहिला ईगल १९१२ चा. हा सन्मान मात्र १९६९ मध्ये सुरू झाला. ईगल होऊन किमान २५ वर्षं झालेल्या, आपल्या क्षेत्रात नाव कमावून समाजसेवाही केलेल्या व्यक्तींसाठी तो आहे. जेराल्ड फोर्ड १९२७ मध्ये ईगल झाले, त्यांना सन्मान १९७० मध्ये मिळाला आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले १९७४ मध्ये. ‘राष्ट्राध्यक्षांना सन्मान मिळाला’ असं लिहिलं, तर क्रमच उलटतो.

म्हणून प्रत्येक नावापुढे चार रकाने आखा: श्रेणीचं वर्ष, सन्मानाचं वर्ष, देणारी संस्था, पुरावा. पुरावा हाती येईपर्यंत नाव पेन्सिलनंच लिहा. आणि आजची पात्रतेची अट जुन्या यादीला लावू नका. त्या वर्षीचा नियम शोधा.

प्रमाणपत्रावर तारीख पुसट असली, तरी मथळा बोलतो. भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० ची. त्याआधीच्या कागदावर तिचं नाव असूच शकत नाही. ‘मुंबई राज्य’ छापलेलं असेल, तर कागद बहुधा १ मे १९६० पूर्वीचा. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव ‘शोलापूर’ असतं, तेव्हा त्या नावानंही शोधा. शाळेच्या जनरल रजिस्टरात गाईड मुलींची माहेरची नावं असतात. सासरच्या आडनावानं शोधणारे ‘नोंद नाही’ म्हणून परत येतात, आणि कर्तबगार बाया यादीतून गळतात. हे होऊ देऊ नका.

वयस्कर स्काउटांना थेट वर्ष विचारू नका. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी पथकात कोण होतं?’ असं विचारा. मग उत्तर रजिस्टराशी ताडून पाहा.

अल्बमच्या प्लास्टिकला चिकटलेला फोटो ओढू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. वरचा थर निघून येतो. प्लास्टिकसकटच, सावलीत, फ्लॅश बंद करून मोबाइलनं टिपा. पाठीवरचा मजकूर दिसत असेल, तर तोही.