अर्ध्या लाकडात अख्खी यॉट: हाफ मॉडेल कसं कोरायचं

जुन्या लाकडी शिडाच्या यॉटवर जीव जडला असेल तर तिचं हाफ मॉडेल कोरून बघा, असं मी भेटेल त्याला सांगते. नाळ (नौकेचं पुढचं टोक) अशी का झुकली आहे, पिछाडी पाण्यावर एवढी लांब का आली आहे, पोटाचा फुगवटा नेमका कुठे मावळतो आणि कील (तळाचा खाली उतरलेला कणा) कुठे सुरू होते, हे फोटो पाहून फारसं उमगत नाही. तेच लाकूड हाताखाली आलं की आपोआप समजायला लागतं.

हाफ मॉडेल म्हणजे नौकेच्या बांध्याचा उभा अर्धा भाग, सपाट पाठीचा, लहान मापात कोरलेला. दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणून एक पुरते. शिवाय पाठ सपाट असली की तिच्यापासून मापं घेता येतात, आणि या मॉडेलचा मूळ उपयोग तोच होता. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलचा नॅथनेल हेरेशॉफ (1848–1938) हा त्याच्या काळातला सर्वात मोठा यॉट डिझायनर. तो आधी बांध्याचं चित्र काढत बसत नसे, हाफ मॉडेल कोरायचा. मग स्वतः बनवलेल्या एका उपकरणाने त्यावरून मापं घ्यायची, त्यांचा तक्ता करायचा आणि त्या तक्त्यावरून कारागिरांनी खरी यॉट उभी करायची. 1893 ते 1920 या काळात 'अमेरिका कप' ही यॉट-शर्यतींची नामांकित ढाल अमेरिकेकडे राखणाऱ्या यॉट याच हातातून उतरल्या. म्हणून मॉडेल करायला बसाल तेव्हा खेळणं करतोय असं समजू नका. एका पिढीची डिझाइन करण्याची पद्धतच तुम्ही गिरवत असता.

कोणती यॉट निवडायची

पहिल्या मॉडेलसाठी हेरेशॉफची साडेबारा फुटी, म्हणजे 'हेरेशॉफ ट्वेल्व्ह अँड हाफ', घ्या. 1914 साली बझर्ड्स बे या खळबळत्या खाडीत मुलांना शीड हाकायला शिकवण्यासाठी तिने जन्म घेतला. साडेबारा फूट ही तिची पाण्यावरची (पाण्याला टेकलेल्या भागाची) लांबी, टोकापासून टोकापर्यंत ती 15 फूट 10 इंच भरते. 1:8 स्केल धरलं तर मॉडेल सुमारे 60 सेंटीमीटर लांब आणि 11 सेंटीमीटर जाड होतं. हाताला नीट येईल आणि भिंतीवर शोभेल असं माप आहे. टोकं आखूड असल्यामुळे लाकूडही तुटत नाही.

दुसऱ्या खेपेला 'डोराड' घ्या. ऑलिन स्टीफन्सने ती डिझाइन केली तेव्हा तो विशीच्या सुरुवातीला होता. 1930 मध्ये ती पाण्यात उतरली आणि 1931 मध्ये अटलांटिक ओलांडण्याची शर्यत आणि फास्टनेट या दोन्ही तिने जिंकल्या. लांबी 52 फूट, म्हणजे 1:24 ला साधारण 66 सेंटीमीटर. ती अरुंद आणि खोल आहे. हातातलं लाकूड इतकं सडपातळ होतं की आणखी किती काढायचं, अशी भीती वाटते. ड्रॉइंगवर विश्वास ठेवा आणि काढा.

नकाशे कुठून मिळवायचे? स्टीफन्सच्या 'स्पार्कमन अँड स्टीफन्स' या कंपनीचे नकाशे अमेरिकेतल्या मिस्टिक सीपोर्ट या संग्रहालयात आहेत, हेरेशॉफचे तिथल्याच एमआयटी विद्यापीठाच्या संग्रहालयात. पुस्तकात छापलेल्या लहान चित्राची मोठी प्रत काढून काम करू नका. रेषेची जाडीच त्यात दोन-तीन इंच खाऊन टाकते.

एक सूचना स्केल काढण्याआधीच: नावात '12 मीटर' असलेली यॉट 12 मीटर लांब नसते. ती संख्या म्हणजे 1907 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमाच्या सूत्राचं उत्तर आहे. त्या सूत्रात लांबी, शिडाचं क्षेत्रफळ, पाण्यावरची उंची असं बरंच काही मिसळलेलं असतं. अशी यॉट प्रत्यक्षात वीस मीटरच्या आसपास भरते. फळ्या कापण्याआधी एकूण लांबी पाहूनच घ्या.

ड्रॉइंग वाचायला शिका

बांध्याच्या ड्रॉइंगमध्ये तीन चित्रं असतात. एक बाजूने पाहिलेलं, एक वरून, एक टोकाकडून. टोकाकडच्या चित्रात उजव्या अर्ध्यात पुढचे छेद आणि डाव्या अर्ध्यात मागचे छेद असतात. वरून पाहिलेल्या चित्रातल्या रेषा म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर बांधा आडवा कापला तर दिसणाऱ्या कडा, त्यांना जलरेषा म्हणतात. आपल्याला मुख्यतः याच लागतात, कारण आपण बांधा थरांनी रचणार आहोत.

प्रिंट घेतल्यावर स्केलची पट्टी लांबीत आणि उंचीत अशी दोन्हीकडे मोजून बघा. कागद दोन दिशांना सारखा ताणला जातोच असं नाही.

दोन जलरेषांमधलं अंतर म्हणजे एका थराची जाडी. ड्रॉइंगवर जलरेषा 4 इंचांवर असतील आणि स्केल 1:8 असेल, तर थर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. फळी बरोबर त्याच जाडीची रंधून घ्या. दर थराला 0.3 मिलिमीटर जास्त राहिलं तर दहा थरांत 3 मिलिमीटर वाढतात आणि मुळात बुटकी यॉट उंच दिसायला लागते.

लाकूड गाठी नसलेलं पाइन किंवा महोगनी घ्या. मी बहुतेक वेळा दोन्ही आलटूनपालटून लावते, एक थर फिकट, एक गडद. त्याचं कारण शोभेपलीकडचं आहे. कोरून झाल्यावर थरांच्या सांध्यांच्या रेषा बांध्यावर उमटतात आणि कुठेही खड्डा किंवा उंचवटा राहिला असेल तर ती रेषा तिथे वाकडी होऊन तुम्हाला दाखवते.

थर कापणं आणि चिकटवणं

प्रत्येक थरावर त्याची जलरेषा उतरवा. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनेच धरा. छेदांच्या आडव्या खुणा गुण्याने (सुताराच्या काटकोनाने) सगळ्या थरांवर, दोन्ही बाजूंना आणि पाठीच्या कडेवर आखा. पुढे या खुणांशिवाय कोणता छेद कुठला हे सांगता येत नाही.

आता या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. बांधा वर रुंद होत जातो, म्हणून प्रत्येक थर त्याच्या वरच्या जलरेषेप्रमाणे कापायचा. सगळे थर चिकटवले की पायऱ्या दिसतात. दोन पायऱ्यांच्या मधला आतला कोपरा नेमका खऱ्या बांध्याच्या पृष्ठभागावर असतो. बाहेर आलेलं सगळं लाकूड जास्तीचं, आतल्या कोपऱ्यापलीकडचं एक कणही काढायचं नाही. कोपऱ्यांत मऊ पेन्सिलीने काळं करून ठेवा. कोरताना काळी रेघ पुसट व्हायला लागली की थांबा. तिथे पोचलात.

गोंद लावताना थर एकमेकांवर घसरतात, म्हणून दोन ठिकाणी आरपार भोकं पाडून लाकडी खुंट्या बसवा. शिकंजे मधून सुरू करून टोकांकडे न्या. फार आवळू नका, गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. एक रात्र तसंच राहू द्या.

कोरणं

मधल्या छेदापासून सुरुवात करा, मग पुढे, मग मागे. आधी पटाशी, मग छोटा रंधा. रंधा लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारायचा. उलट मारलात तर ढलपी उडते आणि खड्डा पडतो. नाळेकडे आणि पिछाडीकडे रेषेची दिशा बदलते, तिथे रंध्याची दिशाही बदला.

प्रत्येक छेदासाठी पातळ प्लायवूडचा साचा कापा. त्याच्या आतल्या कडेला पेन्सिलीचं शिसं घासा आणि मॉडेलवर त्या खुणेवर हलकेच फिरवा. जिथे काळं लागेल तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच काढा, पुन्हा फिरवा. साचा सगळीकडे सारखा टेकला की पुढच्या छेदाला जा.

पिछाडीकडे मात्र सावकाश. इथे मोह होतो की छान गोल करून टाकावं. जुन्या रेसिंग यॉटच्या बाबतीत हा गोलवा सगळा अर्थ घालवतो, आणि त्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात यॉटचं माप काढण्याच्या सूत्रात रुंदी दोनदा मोजली जायची, खोलीला काहीच मोल नव्हतं. साहजिकच डिझायनरांनी रुंदी छाटली आणि कील खोल नेली. 1886 ची 'ऊना' पाण्यावर 34 फूट लांब आणि जेमतेम साडेपाच फूट रुंद होती. पहिल्याच प्रवासात ती आयर्लंडच्या किनाऱ्यावर आपटली आणि डिझायनरसकट सगळे गेले. त्याच सुमारास नियम बदलला. आता पाण्यावरची लांबी आणि शीड मोजलं जायला लागलं. मग डिझायनरांनी टोकं पाण्याच्या वर लांबवली. यॉट स्थिर उभी असताना टोकं हवेत, म्हणजे मोजमापात नाहीत. वाऱ्याने कलली की तीच टोकं पाण्यात बुडतात आणि पाण्यावरची लांबी वाढते. हेरेशॉफच्या 1891 च्या 'ग्लोरियाना'ने हे असं काही साधलं की त्या हंगामात ती उतरली त्या सगळ्या शर्यती जिंकली. एकूण लांबी 70 फूट, पाण्यावर जेमतेम 45.

लांबीमुळे वेग का वाढतो? पाणी कापत जाणाऱ्या नौकेची कमाल गती तिच्या पाण्यावरच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. 36 फुटांना 8 नॉट, 49 फुटांना जवळपास साडेनऊ. कलताना लांबणाऱ्या यॉटला तो फरक मिळतो. पण तो मिळण्यासाठी पिछाडीचा खालचा भाग जवळपास सरळ, सपाट पाण्याला टेकायला हवा. म्हणून तिथे गोल करू नका. मागच्या छेदांचे साचे पुन्हा पुन्हा लावा. लांब लवचीक पट्टी बांध्याच्या लांबीवर धरून बघा, ती मागे सरळ, निवांत बसली पाहिजे.

नाळेकडे उलट गोष्ट आहे. 'ट्वेल्व्ह अँड हाफ'ची नाळ पाण्याजवळ किंचित आत गेलेली, पोकळ आहे. सपाट रंधा ती पोकळी खाऊ शकत नाही. गोल पटाशी आणि गोल कांडीवर गुंडाळलेला सँडपेपर वापरा.

गुळगुळीत आणि खरं

आता सँडपेपर पातळ प्लायवूडच्या लांब, वाकणाऱ्या पट्टीवर चिकटवा. बोटाखाली धरून घासू नका, बोट खड्ड्यातच जास्त घासतं. पट्टीने तिरकं घासा, एकदा या दिशेने, एकदा त्या. खोलीत अंधार करा आणि टॉर्च मॉडेलच्या कडेला अगदी आडवा धरा. सावली कुठे थांबते, कुठे दुमडते ते दिसेल. मग डोळे मिटून तळवा नाळेपासून मागे फिरवा. तळव्याला जे कळतं ते डोळ्याला बराच वेळ कळत नाही.

वरचा काठ सगळ्यात शेवटी कापा. ड्रॉइंगवरून उंची घेऊन छेदांवर टाचण्या टोचा, लवचीक पट्टी त्यांच्यावर टेकवा आणि चार पावलं मागे जा. काठाचा सर्वात खालचा बिंदू बहुधा मध्याच्या थोडा मागे असतो. एखादी टाचणी पट्टीला उचलत असेल तर ती टाचणी काढा, पट्टीचं ऐका. नाळेकडे बांधा बाहेर झुकलेला असेल तर ड्रॉइंगमध्ये सुंदर दिसणारा काठ प्रत्यक्षात कोपऱ्यातून खाली पडल्यासारखा दिसू शकतो. मॉडेल हातात घेऊन तिरकं, समोरून, खालून बघूनच आखा.

कील, नाळेची बाहेरची कड आणि सुकाणू वेगळ्या फळीतून कापून लावलेलं सोपं पडतं.

शेवटचा हात

पातळ शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) बरेच हात द्या, मधेमधे बारीक पेपर मारून. रंग द्यायचाच असेल तर जलरेषेखाली द्या. जलरेषा आखायला मॉडेल सपाट टेबलावर नीट उभं करा, ठोकळ्यावर पेन्सिल बांधा आणि ठोकळा टेबलावर सरकवत चला. जुने बांधणारे जलरेषेवरचा पट्टा टोकांकडे किंचित वर आणि रुंद करत, कारण बरोबर सरळ पट्टा डोळ्याला टोकांशी लोंबल्यासारखा वाटतो. तुम्हीही तसंच करा.

स्कॉटिश डिझायनर विल्यम फाइफची (1857–1944) यॉट कोरत असाल, उदाहरणार्थ 1909 ची 'तुइगा', तर काठाखालची सोनेरी खाच विसरू नका. स्कॉटलंडमधल्या फेअरली गावात घडलेल्या त्याच्या यॉटच्या नाळेशी ती खाच ड्रॅगनच्या आकारात संपते. टोकदार पटाशीने एकाच ओघात ती कोरायची असते, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर हात बसवून घ्या.

पाठीमागून स्क्रू मारून मॉडेल गडद फळीवर बसवा. फळीची रुंदी मॉडेलच्या उंचीच्या दुपटीपेक्षा थोडी कमी असली की छान दिसतं. खाली छोट्या पितळी पट्टीवर यॉटचं नाव, डिझायनर, बांधणारा, वर्ष आणि स्केल लिहा. फाइफच्या काही यॉट फेअरलीबाहेर बांधल्या गेल्या, 1898 ची 'पेन ड्युइक' आयर्लंडमध्ये बांधली गेली, तेव्हा बांधणाऱ्याचं नाव डिझायनरच्या नावावरून गृहीत धरू नका. आणि थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, थरांचे सांधे उकलतात.