पॉवर प्रेसवरचं डाय सेटिंग: तासावरून दहा मिनिटांवर

१९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात (आजची माझदा) जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो ८०० टनी प्रेसचं सेटिंग (एक डाय, म्हणजे साचा, काढून दुसरी बसवण्याचं काम) पाहत होते. कामगार एक हरवलेला बोल्ट शोधत तासाहून जास्त वेळ फिरला आणि तेवढा वेळ प्रेस उभी राहिली. पुढे १९६९ मध्ये टोयोटातल्या १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. भोसरी-चाकणच्या शीट मेटल युनिटमध्येही सेटिंगचा वेळ कमी करण्याची हीच पद्धत चालते, त्यासाठी नवं मशीन लागत नाही.

आधी मोजमाप नीट करा. वेळ धरायचा तो जुन्या लॉटच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या लॉटच्या पहिल्या पास झालेल्या नगापर्यंत. डाय बसली की घड्याळ थांबवलं, तर ट्रायलचा वेळ आणि भंगारात गेलेले नग हिशेबातच येत नाहीत. शिंगोंच्या मते जुन्या पद्धतीत निम्मा वेळ ट्रायल आणि अ‍ॅडजस्टमेंट खाते, डाय काढण्या-बसवण्याला जेमतेम ५ टक्के लागतो. म्हणून सेटरला घाई करायला लावून फारसं काही हाती लागत नाही.

पूर्ण सेटिंगचा व्हिडिओ घ्या आणि सेटरसोबत बसून पाहा. प्रत्येक कामापुढे लिहा: मशीन बंद असतानाच होणारं, की चालू असतानाही उरकता येणारं? डाय रॅकवरून आणणं, पाने, कॉइल, गेज, क्रेन आणि इन्स्पेक्टर यांची वाट पाहणं हे सगळं दुसऱ्या गटातलं. पुढची डाय ट्रॉलीवर प्रेसशेजारी आधीच उभी हवी.

खरी कमाई सगळ्या डायची शट हाइट (बंद असतानाची उंची) सारखी करण्यात आहे. सर्वात उंच डाय २४० मिमीची असेल, तर २१० मिमीच्या डायखाली ३० मिमीचे ग्राइंड केलेले पॅरलल (आधाराच्या सपाट पट्ट्या) कायमचे जोडा, म्हणजे रॅमला (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाला) दर वेळी हात लावावा लागणार नाही. जोडीतल्या पॅरललची जाडी सारखी नसेल तर डाय तिरकी बसते आणि नगाच्या एका बाजूला बर (कडेला उठलेली धारदार किनार) येतो. पॅरलल एकमेकांपासून फार लांब ठेवले तर डायची खालची प्लेट मधून वाकते; स्लग (कापला गेलेला तुकडा) पडायचं भोकही मोकळं राहिलं पाहिजे. धार लावल्यावर डायची बंद उंची घटते, तेव्हा टूलरूमने तेवढी शिम (पातळ पट्टी) घालूनच डाय परत द्यावी. हे राहून गेलं की अ‍ॅडजस्टमेंट पुन्हा सुरू होते.

क्लॅम्पिंगच्या प्लेटची जाडीही सगळ्या डायना एकच ठेवा, म्हणजे एकच बोल्ट, एकच पाना आणि एकच हील ब्लॉक (क्लॅम्पच्या मागच्या टोकाखालचा ठोकळा) पुरतो. बोल्ट हील ब्लॉकपेक्षा डायच्या जवळ हवा, नाहीतर जोर ब्लॉकवर जातो आणि डाय सरकते. भोकांऐवजी यू-स्लॉट केले की नट पूर्ण काढावा लागत नाही. डायमध्ये हात घालण्यापूर्वी वीज बंद करून रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावलाच पाहिजे. वेळ वाचवण्यासाठी ही पायरी कधीही गाळू नका.

वाचलेला वेळ जास्त नग काढण्यात घालवणं ही नेहमीची चूक. सेटिंग ६० वरून १० मिनिटांवर आलं, तर त्याच एका तासात सहा सेटिंग बसतात. ६००० चा लॉट १०००-१००० चा करा. मग लॉटमध्ये दोष निघाला, तर चाळायला १००० नग असतील, आणि गोदामातला साठाही उतरेल.

डाय उतरवताना शेवटचा नग तिलाच बांधून ठेवा. त्यावर बर दिसला तर लाल टॅग लावून डाय रॅकवर न नेता थेट टूलरूमला पाठवा.