मधुमेहाच्या इंजेक्शनचे वेळापत्रक: या चुका टाळा

३०/७० प्रमाणातले (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारे) ह्यूमन मिक्स इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायचे, हे बहुतेक रुग्णांना पाठ असते. पण जेवण नक्की केव्हा मिळणार याची खात्री झाल्याशिवाय इन्सुलिनचे पेन हातात घेऊ नये, हे रुग्णांचे समुपदेशन करताना मला वर्षानुवर्षे सांगावे लागते. चर्चगेटला नोकरी आणि विरारला घर असलेल्या एका गृहस्थांनी, घरी पोहोचताच पानावर बसता यावे म्हणून, बोरिवली मागे पडली की गाडीतच इंजेक्शन घ्यायची सवय लावून घेतली होती. जुलैतल्या एका संध्याकाळी रुळांवर पाणी भरले, गाडी वसईच्या पुढे तासाहून अधिक काळ अडकली, आणि साखर उतरून घामाने डबडबलेले हे गृहस्थ असंबद्ध बोलू लागले, तेव्हा शेजारच्या प्रवाशाने पाण्यात ग्लुकोज पावडर कालवून पाजली म्हणून निभावले. वाचवलेला वेळ अर्धा तास! माझ्या रुग्णांना मी कुकर गॅसवर चढल्यावरच पेन काढायला सांगते आणि खिशात १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे, साखर ठेवायला लावते. रक्तशर्करा ७० च्या खाली गेल्यास ती खाऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड अशा मधुमेहाच्या साप्ताहिक इंजेक्शनांसाठी मी रविवार ठरवू देत नाही, कारण लग्ने आणि गावच्या फेऱ्या त्याच दिवशी निघतात आणि हुकलेल्या मात्रेची भरपाई पुढच्या रविवारी दुप्पट मात्रेने केली जाते. ती कधीही करू नये. सेमाग्लुटाइडची हुकलेली मात्रा ५ दिवसांच्या आत आणि टिर्झेपाटाइडची ४ दिवसांच्या आत आठवली तर घ्यावी. त्याहून उशीर झाल्यास ती सोडून ठरलेल्या वारी पुढची घ्यावी.

सेमाग्लुटाइडची पहिल्या ४ आठवड्यांची ०.२५ मिलिग्रॅमची मात्रा शरीराला सवय व्हावी म्हणून असते, साखर उतरावी म्हणून नव्हे. दुसऱ्याच आठवड्यात "साखर हलली नाही" म्हणत स्वतःहून मात्रा वाढवणारे बहुधा ओकाऱ्या घेऊनच परत येतात, आणि दोष मात्र औषधाला देतात.

ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन रोज एकाच वेळी घ्यावे.

पेन बिघडले म्हणून त्यातल्या, मिलिलिटरला १०० युनिट असलेल्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या, मिलिलिटरला ४० युनिटसाठी असलेल्या सिरिंजने इन्सुलिन ओढू नये. खुणा तेवढ्याच दिसतात, पण मात्रा अडीचपट जाते.