मुलांच्या आरोग्यासाठी धोरण बदलायला निघालात? या चुका टाळा

भेट झकास झाली. साहेबांनी वीस मिनिटं दिली, 'मुलं म्हणजे उद्याचे नागरिक' हे वाक्य तुमच्याआधी त्यांनीच टाकलं, निवेदन स्वीकारतानाचा फोटोही निघाला. सहा महिने झाले, काही हललेलं नाही. पोच मात्र फाईलला जपून लावलेली आहे.

मुलांच्या आरोग्यासाठी पाठपुरावा करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं आणि खापर राजकीय इच्छाशक्तीवर फुटतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. मुलांच्या विषयाला तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. होकार फुकटात मिळतो आणि आपण त्यावरच खूश होऊन परततो. तो होकार नियमाच्या एका ओळीत उतरवून घेणं हे आपलं काम, आणि घसरतो ते तिथेच.

हळहळीला मागणी समजणं

'बालआरोग्याकडे विशेष लक्ष द्यावे' ही मागणी नव्हे. त्यावर 'हो, देऊ' म्हटलं की विषय संपतो. माझं पहिलं निवेदन नऊ पानांचं होतं, त्यात चौदा मागण्या. एका अधिकाऱ्याने ते चाळून विचारलं, "यातली कोणती एक ओळ वर पाठवू?" मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मी आधी ती ओळच लिहितो: कोणत्या नियमातला कोणता शब्द काढायचा, त्या जागी काय घालायचं, सही कोणाची लागेल. बाकीची पानं नंतर, आणि खरं तर ती कोणी वाचतही नाही.

ओळ नेमकी असली की काय होतं, ते ब्रिटनमधल्या गोड पेयांवरच्या करात दिसतं. घोषणा २०१६ मध्ये झाली, अंमल एप्रिल २०१८ पासून. कर सरसकट नव्हता. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम साखरेपासून एक दर आणि ८ ग्रॅमपासून चढा दर. मधल्या दोन वर्षांत अनेक उत्पादकांनी कर टाळण्यासाठी साखरच ५ ग्रॅमच्या खाली आणली. मुलांना उपदेश करावा लागला नाही, बाटलीतलं पेयच बदललं.

चुकीचं दार, चुकीचा महिना

प्रश्न आरोग्याचा म्हणून आपण आरोग्य खात्याकडे जातो. पण रंगातलं शिसं उद्योग किंवा पर्यावरणाच्या अखत्यारीत असतं, शाळेसमोरचा वेग वाहतुकीच्या, धूर ऊर्जा किंवा पर्यावरणाच्या. आरोग्य खात्याचं पाठबळ घ्या, पण फाईल जिथे सुटणार तिथे जा. आणि अर्थसंकल्प मांडायच्या आठवड्यात निधी मागू नका. आकडे काही महिने आधीच बसवलेले असतात.

सरासरीवर विसंबणं

इथे जरा थांबतो, कारण चांगले अभ्यासू लोकही इथे फसतात. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला. नदीचं पाणी गंजरोधक प्रक्रियेविना सोडलं गेलं आणि जुन्या नळांमधलं शिसं त्यात उतरू लागलं. मुलांच्या रक्ततपासण्यांचे आकडे राज्याकडे होते, तरी काळजीचं कारण नाही असं सांगितलं जात होतं. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी रुग्णालयातल्या नोंदी घेतल्या आणि मुलं घराच्या पत्त्यानुसार नकाशावर मांडली. तेव्हा गोम कळली. पिनकोडनुसार मोजताना शहराबाहेरची, दुसरंच पाणी पिणारी घरंही हिशोबात येत होती आणि वाढ त्यात विरून जात होती. पुढे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात आकडा असा आहे: रक्तात जास्त शिसं आढळलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण २.४ वरून ४.९ टक्क्यांवर गेलं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले, अधिकाऱ्यांनी आधी ते धुडकावले, पण काही दिवसांतच मान्य केले. ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा जुन्या पाण्यावर आलं.

म्हणून आकडे मागताना वयोगट आणि वस्ती यांनुसार तोडून मागा, आणि बदलाच्या आधीचे व नंतरचे असे दोन्ही मागा. नुसतं '४.९ टक्के' ऐकून कोणाची झोप उडत नाही. 'दुप्पट झालं' म्हटल्यावर उडते.

आजारी मूल दाखवण्याच्या सापळ्यात अडकणं

"एक तरी आजारी मूल दाखवा," असं समोरून येतं आणि आपण शोधायला धावतो. लहान मूल पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या ४ ते ५ पट शोषून घेतं आणि तरीही वरून ठणठणीत दिसू शकतं. अमेरिकी संशोधक हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ च्या अभ्यासात शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. आजारी म्हणावं असं त्या मुलांत काही नव्हतं, पण ज्यांच्या दातांत शिसं जास्त होतं त्यांचे बुद्धिमापनाचे गुण कमी होते, वर्गातलं लक्षही कमी. असं नुकसान एका मुलाकडे बोट दाखवून सिद्ध होत नाही. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळी चर्चा त्या एका मुलाच्या कागदपत्रांवर घसरते. जाता जाता: १९२० च्या दशकात आलेलं शिसंयुक्त पेट्रोल वाहनांसाठी विकणं अल्जीरियाने २०२१ मध्ये बंद केलं. तो शेवटचा देश. सज्जड पुरावा असला तरी चिकाटी किती लागते, याचा अंदाज यावा.

आजारी मूल खरंच पुढे आलं, तर त्याचा फोटो फलकावर लावण्याआधी शंभरदा विचार करा. ते विशीत गेल्यावरही तो फोटो शोधला की सापडणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आरोग्याचा हक्क २४ व्या कलमात आहे आणि स्वतःशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा १२ व्या. आपण २४ वं कलम भाषणात वापरतो आणि १२ वं सोयीस्कर विसरतो. मोठ्या मुलांना विचारलंत तर शाळेतलं स्वच्छतागृह दिवसभर का टाळलं जातं, यासारखी माहिती मिळते. ती कुठल्याही सर्वेक्षणात नसते.

ज्याच्यावर नियम हवा, त्याचाच पैसा घेणं

यावर लांबण लावत नाही. घेऊ नका. परिषदेचा मंडपसुद्धा नको.

'परंतु' न वाचणं

मोटारीत लहान मुलांना सुरक्षा आसन सक्तीचं करणारा अमेरिकेतला पहिला राज्य कायदा टेनेसीत १९७७ मध्ये मंजूर झाला. त्यामागे रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाचा चिवट पाठपुरावा होता. पण मंजूर होता होता त्यात एक सवलत घुसली: मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर आसन नको. ऐकायला किती मायेची! प्रत्यक्षात धडकेच्या क्षणी कोणाच्याही हातात मूल राहत नाही. उलट मूल धरलेल्या माणसाचंच वजन मुलावर येतं. ती ओळ काढून टाकायला १९८१ उजाडलं, आणि तोवर सँडर्स मागे लागलेलेच होते.

कायदा झाला की आपल्याकडून अभिनंदनाचं पत्र जातं आणि कार्यकर्ते पुढच्या विषयाकडे वळतात. त्याआधी मसुदा मागवा आणि 'परंतु', 'शक्यतो', 'आवश्यकतेनुसार' हे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. मग पाहा की तपासणी कोण करणार, त्यासाठी माणसं नेमली आहेत का, आणि पैसे अर्थसंकल्पातल्या कोणत्या शीर्षाखाली टाकले आहेत. शीर्ष रिकामं असेल तर नवं निवेदन त्याच आठवड्यात द्या. या वेळी एका पानाचं.