आयर्न बदलायचे होते, राहून गेले

गोल्फचा माझा सात नंबरचा आयर्न (धातूच्या हेडची काठी) हाताला झिणझिण्या आणायचा. जो तो म्हणे, फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या हेडचा सेट घे. त्याआधी क्लबफेसवर, म्हणजे हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, पायाला मारायचा पावडर-स्प्रे मारून चेंडू मारले. ठसे बहुतेक टोकाकडे! तिथे लागलं की हेड वळतं, दांडा थरथरतो. मग हेड ओतलेलं असो की घडवलेलं. चेंडूच्या जरा जवळ उभा राहू लागलो, ठसे मधे सरकले. कडक पडलेल्या ग्रिप बदलल्या, चेंडू मऊ, युरेथेन कव्हरचा घेतला. मग मित्राचा फोर्ज्ड सात नंबर मारून पाहिला. फरक होता, पण मुख्यतः आवाजात: त्याचा ‘थप्’, माझा ‘टक्’. कानात कापूस घातल्यावर तोही पुसट. एवढ्यासाठी लाखभर रुपये? सध्या तरी नाही.