हॉलीहॉक बियांपासून लावायचं असेल तर आधी कॅलेंडर बघा

बेळगावात हॉलीहॉक, म्हणजे उंच दांड्यावर खालून वर मोठी फुलं येणारं झाड, येत नाही असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय, आणि प्रत्येकाला मी एकच विचारते, बी कधी पेरलं? उत्तर बहुतेक वेळा जून असतं नाहीतर फेब्रुवारी. मी पण दोन्ही करून बघितलंय. पहिल्या वर्षी पाऊस सुरू झाला म्हणून दोडका, काकडीबरोबरच परड्यात टाकलं, आठवड्यात छान उगवलं आणि मग जुलैची झड लागली, रोपं बुडात कुजून आडवी पडली, उरलेली गोगलगायींनी खाल्ली. पुढच्या वेळी परदेशातला व्हिडिओ बघून फेब्रुवारीत पेरलं, कारण त्यात स्प्रिंगमध्ये पेरा म्हणून सांगितलेलं. तिकडं पुढं थंड उन्हाळा असतो, आपल्याकडं पुढं एप्रिल असतो! नुसती पानं आली, त्यावर लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) पडला, फूल एक नाही.

आपल्याकडं हे हिवाळ्याचं झाड आहे. तिकडं पहिल्या वर्षी पानं आणि दुसऱ्या वर्षी फुलं असा दोन वर्षांचा हिशोब असतो, आपल्याकडं मात्र ते एका हंगामाचं म्हणूनच लावायचं. गणपती विसर्जन झालं की दसऱ्यापर्यंत पेरायचं, फार तर दिवाळीच्या आधी. रोप थंडीत मुळं धरतं, डिसेंबर-जानेवारीत पानांचा घेर जमिनीलगत पसरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दांडा वर चढायला लागतो. पाकिटावर पहिल्याच वर्षी फुलणारी जात असं लिहिलेलं असेल तर तेच घ्या, आपली थंडी फार कडक नसते त्यामुळं दुसऱ्या वर्षाच्या जाती नुसत्या पानांवर राहू शकतात.

जागा पूर्ण उन्हाची लागते, निदान ६ तास. आणि जिथं कायम ठेवायचं तिथंच बी टोचा. हॉलीहॉकला सोटमूळ असतं, सरळ खाली जातं, मोठं झाल्यावर उपटून दुसरीकडं लावलं की ते मूळ तुटतं आणि झाड महिनाभर रुसून बसतं. परतीच्या पावसाची भीती वाटत असेल तर कागदी कपात करा, तळाला भोक पाडून, आणि ३-४ खरी पानं (बीतून निघणारी पहिली दोन सोडून पुढची) आली की मातीचा गोळा न फोडता जमिनीत ठेवा. त्यापेक्षा उशीर नको.

माती आमच्या बेळगाव-खानापूरकडची तांबडी असेल तर पाण्याचा निचरा आपोआप होतोय, फक्त शेणखत भरपूर घाला, जुनं, कुजलेलं. निपाणी-चिकोडीकडं काळी माती असेल तर वाफा वीतभर उंच करा आणि वाळू मिसळा, काळ्या मातीत पाणी थांबलं की मूळ कुजलंच समजा. युरिया अजिबात टाकू नका, पानं हत्तीच्या कानासारखी होतात, दांडा कमकुवत राहतो आणि फूल उशिरा येतं.

बी चपटं असतं, चकतीसारखं. रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा, सकाळी एका जागी २-३ बिया, साधारण १ सेंटिमीटर खोल. दोन जागांमध्ये दीड ते दोन फूट अंतर. आता दीड फूट रिकामं वाटतंय म्हणून मध्ये अजून टोचायचा मोह होतो, मलाही होतो, पण वारं खेळलं नाही की रोग आलाच. ८ ते १४ दिवसांत उगवतं. एका जागी एकच तगडं रोप ठेवायचं, बाकीची उपटू नका, कात्रीनं कापा, म्हणजे शेजारच्याचं मूळ हलत नाही. कुंडीत लावणार असाल तर निदान १४ इंच खोल कुंडी घ्या, उथळ ट्रेमध्ये होत नाही.

आता तांबेरा, हा बुरशीचा रोग या झाडाचा खरा शत्रू. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे ठिपके आणि उलटं करून बघितलं तर खाली तांबूस-केशरी पुरळ. सुरुवात नेहमी सगळ्यात खालच्या पानापासून होते म्हणून ती पानं दिसता क्षणी काढा आणि जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तेच परत. पाणी पाईपनं वरून मारू नका, बुडाला घाला, आणि सकाळी, म्हणजे रात्री पान ओलं राहत नाही. वाढतच असेल तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, ऊन तापायच्या आत फवारा. आणि एक, हे झाड भेंडी-जास्वंदीच्या कुळातलंच, त्यामुळं मावा, पांढरी माशी सगळं तिकडून इकडं येतंय, भेंडीच्या वाफ्याशेजारी लावू नका.

दांडा ५-६ फूट, कधी त्याहून उंच जातो. फुटभर झाला की लगेच बांबूची काठी रोवून सुतळीनं सैल बांधा, कारण एप्रिलमध्ये वळीव वाऱ्यासकट येतो आणि भरलेला दांडा एका संध्याकाळी मोडतो. माझे दोन असेच गेलेत, गडद तांबडे होते, अजून वाईट वाटतं.

फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळं महिनाभर तरी बहर चालतो. वाळलेली खुडत राहा, पण बियांसाठी खालची ४-५ बोंडं ठेवा. बोंड तपकिरी होऊन उघडायला लागलं की आत चकत्या गोल रांगेत बसलेल्या दिसतात, त्या वळवाच्या आधी काढा, सावलीत वाळवा, कागदी पाकिटात घाला, प्लास्टिकमध्ये नको, पावसाळ्यात बुरशी धरते. मधमाश्यांमुळं रंग मिसळतात, तर डबल (भरगच्च पाकळ्यांच्या) फुलाच्या बीपासून सिंगलही निघेल. पाकिटावर रंग आणि वर्ष लिहा आणि डब्यात ठेवून द्या, गणपतीत बाहेर काढायला.