स्थानकांच्या नावांतून सामान्यरूप शिकवा

शेजारचे अमराठी कुटुंब मनापासून मराठी शिकू लागते, तेव्हा ते अडखळते ते सामान्यरूपापाशी, म्हणजे प्रत्यय लागताना नामात होणाऱ्या बदलापाशी. तक्ते पाठ करून घेण्यापेक्षा मध्य रेल्वेची स्थानके हाताशी घ्यावीत, कारण ती नावे मुंबईत प्रत्येकाच्या तोंडी आधीच रुळलेली असतात. दादर, परळ, मुलुंड ही नावे ‘दादरला’, ‘परळहून’ अशी जशीच्या तशी राहतात. परंतु भायखळा, माटुंगा, कुर्ला या आकारान्त नावांची ‘भायखळ्याला’, ‘माटुंग्याहून’, ‘कुर्ल्यात’ अशी रूपे होतात आणि एकारान्त ठाण्याचेही ‘ठाण्याला’ असेच होते.

‘मी कुर्लाला उतरतो’ असे कोणी म्हणाले, तर चूक दाखवू नये आणि, कृपा करून, लगेच हिंदीकडेही वळू नये. ‘कुर्ल्याला उतरता का? मग कुर्ल्याहून पुढे कसे जाता?’ असे विचारून योग्य रूप दोनदा कानावर घालावे. हे वळण बसले की डबा–डब्यात, रस्ता–रस्त्यावर, नाणे–नाण्याला ही रूपे फारसे न शिकवता येऊ लागतात. काका, मामा, दादा मात्र बदलत नाहीत: ‘दादाला’, ‘मामाकडे’.